आभासी वास्तव आणि माझा उजवा डोळा

शाळेत प्रकाशाचा धडा शिकवताना गुरुजींनी फळ्यावर दोन ओळी लिहून दिल्या होत्या. वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते. आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. परीक्षेत यावर हमखास प्रश्न यायचा, म्हणून आम्ही त्या ओळी पाठ केल्या. आरशात आपण दिसतो, पण आरशामागे कागद धरला तर त्यावर काही उमटत नाही, हे मी घरी करूनही पाहिलं होतं. तेव्हापासून आभासी या शब्दाबद्दल मनात थोडी अढीच बसली असावी. दिसतं, पण पकडता येत नाही. मग त्याचा भरवसा काय धरायचा?

पुढे कॉलेजात असताना याच शब्दाने मला आणि माझ्या सरांना अडचणीत आणलं. शब्द मीच शोधून लिहिला होता.

त्या वर्षांत तालुक्याच्या गावात सारख्या नव्या पाट्या लागत होत्या. एसटीडी बूथ, केबल, झेरॉक्स. पिठाची गिरणी होती तिथे संगणकाचा क्लास निघाला आणि आत जाताना चपला बाहेर काढायला लावू लागले. बाजार आता खुला झाला, असं लोक बोलायचे. आमच्या घरात बाजार म्हणजे युसूफ वडगावचा आठवडी बाजार. तिथे बैलबाजाराच्या कडेला माझे वडील, आप्पा, बैलांचे कासरे, तोंडाला बांधायच्या म्होरक्या आणि गळ्यातल्या घुंगुरमाळा विकायला बसायचे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काही कळलं नाही तर विचारायचं कुणाला, हे मला माहीत नसायचं. मी गप्प बसायचो आणि इतर काय करतात ते बघायचो.

इतर काय करतात, याचं उत्तम उदाहरण म्हणजे सूक्ष्मदर्शक. प्रयोगशाळेत चालू असलेला एकच होता. त्याच्याखाली कांद्याची पातळ साल ठेवायची आणि आम्ही ओळीने वाकून बघायचं. आपली पाळी येईपर्यंत कुणीतरी स्क्रू हलवून ठेवलेला असायचा आणि आत आपल्याच पापण्या दिसायच्या. तरी प्रत्येक जण डोकं वर काढून म्हणायचा, "दिसलं, सर." मग पुस्तकातली आकृती वहीत उतरायची. मीही तेच करायचो. मी कायम डाव्या डोळ्याने बघायचो, एवढा एक फरक. तो फरक आहे हेसुद्धा तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

आमचे भौतिकशास्त्राचे सर तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांची नेमणूक वर्षावर होती. दर जूनमध्ये संस्थेचा हुकूम निघाला तर ते राहणार, नाही तर सामान उचलून जाणार. पापण्या बघून आकृती काढायचा आमचा प्रकार त्यांच्या ध्यानात आला होता. औरंगाबादला एका प्रदर्शनात त्यांनी एक वस्तू पाहिली. ती डोळ्यांना लावली की चित्र समोर सपाट न राहता आपल्या चहूबाजूंनी उभं राहतं, असं ते म्हणाले. स्फटिकाच्या आत शिरून अणू बघता येतील, हृदयाच्या झडपा उघडताना दिसतील. त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. संस्थेकडे अर्ज करायचा होता आणि संस्थेचे सचिव इंग्रजी कागद बाजूला ठेवत, म्हणून सरांनी अर्ज मराठीत लिहायचं काम मला दिलं. माझं अक्षर चांगलं होतं.

त्या नावाला मराठी शब्द मला कुठल्या कोशात सापडला नाही. मला गुरुजींच्या दोन ओळी आठवल्या. व्हर्च्युअल म्हणजे आभासी, रिॲलिटी म्हणजे वास्तव. दोन्ही शब्द शेजारी ठेवले आणि मी स्वतःवरच खूश झालो. विषय लिहिला: सर्व विद्यार्थ्यांना वर्गात एकत्र शिकता यावे यासाठी आभासी वास्तव दाखवणारे उपकरण निवडण्याबाबत.

सचिव साहेब मूळचे शेतकरी. बैलांची त्यांना पारख होती आणि माणसांचीही आहे असं ते मानत. अर्ज वाचून त्यांनी प्राचार्यांना विचारलं, आभासी म्हंजे खोटंच ना? प्राचार्यांनी शास्त्रीय अर्थ सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले की, वस्तू मागणाराच कागदावर लिहून देतोय की वस्तू खोटी आहे, असा अर्ज जन्मात पाहिला नाही. ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजात झाली. संध्याकाळच्या एसटीत मला एकाने, आभासी जागा आहे, बस, म्हणून शेजारची मोकळी सीट दाखवली.

पण साहेबांनी अर्ज फेटाळला नाही. औरंगाबादच्या कॉलेजांत नाही ते आपल्याकडे असावं, ही त्यांना हौस होती. त्यांनी निवड समिती नेमली: ते स्वतः, प्राचार्य, सर आणि एक विद्यार्थी. विद्यार्थी म्हणून माझं नाव त्यांनीच घातलं. ज्यानं लिवलं त्यालाच बसवा, त्याला दिसलं तर आपण घिऊ, असं ते म्हणाल्याचं सरांनी मला सांगितलं. सर हसत होते. मला मात्र त्यात काहीतरी डाव वाटला. सरांचा की साहेबांचा, ते ठरवता येत नव्हतं.

माझा एक मित्र होता. त्याच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान स्टँडजवळ होतं. तो दुकानात बसून तारा गुंडाळत अभ्यास करायचा आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं एकच मत असायचं.

"डबा खोलून दावत न्हाई ना, मग समज आत काय न्हाई बे," तो म्हणाला.

उपकरणं विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला त्या दिवशी पदार्थविज्ञानाची लॅब पडदे लावून अंधारी केली होती. तो घामाघूम होता आणि फार गोड बोलत होता, म्हणून आम्हाला आणखी संशय. त्याच्याकडे दोन वस्तू होत्या. एक टोपडं. मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटसारखं, पण डोळ्यांपुढे बंद डबा आणि मागून जाड केबल निघून संगणकात गेलेली. ते एका वेळी एकानेच घालायचं. दुसरी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचे चष्मे, एका काचेच्या जागी लाल आणि दुसऱ्या जागी निळा पातळ कागद. ते गठ्ठ्याने होते. कॅसेट लावायची, सगळ्यांनी चष्मे घालून टीव्ही बघायचा, चित्र पडद्याच्या बाहेर येतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे टोपडं हे खरं उपकरण आणि चष्मे हा त्यातल्या त्यात गरिबाचा मार्ग. दोन्ही मिळणार नव्हती. एक निवडायचं होतं.

आधी चष्मे. आमच्या बॅचची मुलं बाकांवर दाटीने बसली. टीव्हीवर एक हृदय आलं. लाल-निळ्या कडांचं, फाटल्यासारखं. मी चष्मा घातला. कडा गेल्या. एक लालसर हृदय टीव्हीच्या काचेवर धडधडत होतं. बस, एवढंच.

आणि माझ्या आजूबाजूला गडबड सुरू झाली. पुढच्या बाकावरची मुलगी चटकन मागे सरकली. कुणी हात पुढे करून हवेत चाचपू लागलं. माझा मित्र तर मान खाली घालून वाकला आणि मग हसायला लागला.

"आलं बे, भायेर आलं. धर्मापुरीच्या देवळातल्या मूर्तीवाणी."

धर्मापुरीला आमची सहल गेली होती. तिथल्या भिंतीवरच्या मूर्तींना त्याने हात लावून पाहिला होता आणि सरांची बोलणी खाल्ली होती. मी त्याच्याकडे बघितलं. हा नाटक करतोय, असं मला स्पष्ट वाटलं. मग सगळ्यांकडे बघितलं. कांद्याच्या सालीसारखंच चाललं होतं की. सर मागे उभे आहेत, साहेब पुढे बसलेत, कोण म्हणणार दिसत नाही म्हणून?

नंतर टोपडं. साहेबांनी डोक्यावरची गांधी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपडं चढवलं. आम्हाला त्यांची हनुवटी आणि उघडं तोंड एवढंच दिसत होतं. ते मान इकडे वळवत, तिकडे वळवत. काय दिसतंय ते सांगेनात. शेवटी "हं" म्हणाले आणि काढून ठेवलं. प्राचार्यांनी घातलं, तेही "छान आहे" म्हणाले. त्यानंतर माझी पाळी होती, पण तेवढ्यात लाईट गेली.

पडदे सरकवले, खिडक्या उघडल्या. साहेबांनी टोपी घातली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय रं, तुला काय दिसलं?"

मला अजून आठवतं, दिसलं साहेब, हे शब्द तोंडात तयार होते. ते इतक्यांदा म्हटलेले होते की आपोआप निघाले असते. पण मला समितीवर बसवलं होतं आणि ते मी मनावर घेतलं होतं.

"सपाटच दिसलं, साहेब," मी म्हणालो. "भायेर काय आलं न्हाई."

कंपनीचा माणूस केबल गुंडाळायचा थांबला. सरांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "नीट बघितलंस ना?" मी मान डोलावली. साहेब हळूच हसले.

"ह्यात कुठंतरी खोट हाय. मी म्हणतच होतो. बाकीचे समदे माना डोलावत्यात, अन् एक गरिबाचं लेकरू खरं बोलतंय." निर्णय पुढच्या बैठकीवर टाकून ते उठले. जाताना सरांना म्हणाले की, या माणसाची आणि तुमची ओळख कशी ते जरा सांगून ठेवा. आणि जून काही लांब नाही.

खोट हा शब्द आमच्या बाजारातला. जनावरात काही व्यंग असलं की त्याला खोट म्हणतात. त्या शब्दाने त्या आठवड्यात कॉलेजभर फेऱ्या मारल्या. सरांनी औरंगाबादला त्या माणसासोबत चहा घेतला होता, हे कुणालातरी माहीत होतं. सामान परत नेणं अवघड म्हणून त्याने ते सरांच्या खोलीवर ठेवलं होतं, हेही सगळ्यांनी पाहिलं. त्यावरून सरांचे हात ओले झाल्याचं पोरं बोलू लागली. दुसऱ्या बाजूने मी साहेबांचा माणूस झालो होतो. मी येताच दोन-चार जण बोलायचे थांबत. माझ्या मित्राने तर मला तोंडावर विचारलं.

"कावून बोललास बे असं? साहेबानं काय कबूल केलंय का तुला?"

मी म्हणालो, मला दिसलं नाही म्हणून बोललो. तो म्हणाला, दिसलं नाही असं होतंच कसं? मी म्हणालो, तुला तरी कुठे दिसलं होतं, वाकलास ते नाटकच. मग आम्ही एकमेकांशी बोलायचं बंद केलं. सरांशीही मी बोलत नव्हतो. ते मला काही म्हणाले नाहीत, रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला ते दोषीच वाटत होते. खरा माणूस गप्प बसेल कशाला, असा माझा हिशोब.

बाजाराच्या दिवशी मी आप्पांना मदत करायला गेलो. आमच्या पालासमोरच बैलांची ओळ लागायची. बैलबाजारात भाव तोंडाने करत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून किंमत सांगतात. कोणतं बोट धरलं, किती धरली, त्यावर आकडा. बघणाऱ्यांना टॉवेल हलताना दिसतो, आकडा दोघांनाच कळतो. लहानपणापासून बघत आलो असल्याने मला त्यात काही विशेष वाटत नसे.

त्या दिवशी एक गिऱ्हाईक तांबड्या बैलाचे डोळे बघत होता. त्याने बैलाच्या एका डोळ्यावर टॉवेल धरला आणि दुसऱ्या डोळ्यासमोर हात नेला. मग उलट. दोन्ही डोळे उघडे असताना बैल बरोबर चालतो, म्हणून खोट कळत नाही. एकेक झाकूनच बघावं लागतं. मी रिकामा बसलो होतो. काही विचार न करता मी माझा डावा डोळा तळहाताने झाकला.

समोरचा बैल तांबडा डाग झाला. आप्पांनी दोरीवर टांगलेल्या घुंगुरमाळा एकमेकींत मिसळून पितळी रंगाचा पट्टा झाला. घुंगरू एकही वेगळं दिसेना. मी हात काढला. सगळं जागेवर आलं. उजवा झाकला, काहीच फरक नाही. पुन्हा डावा झाकला. पट्टा.

किती वेळ मी ते करत बसलो सांगता येत नाही. शेवटी आप्पा म्हणाले, "डोळ्यात काय गेलंय का रं?" मी न्हाई म्हणालो. मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक म्हणजे नाव. आमच्याकडे डोळ्यात फरक निघाला की माणसाचं नाव संपतं आणि काण्या सुरू होतं, मग तो कितीही शिको. दुसरी भीती सरांची. सपाट चित्र जर या डोळ्यामुळे असेल तर लॅबमधले सगळे खरं बोलत होते, आणि चुकीचं बोललो होतो तो मी एकटाच, ज्याच्या बोलण्यावर सरांची नोकरी टांगली गेली होती.

पण मला स्वतःवरही लगेच विश्वास ठेवायचा नव्हता. चित्र बाहेर यायला दोन डोळे लागतात, हे कुठे माहीत होतं? एक पुठ्ठ्याचा चष्मा माझ्या खिशात राहिला होता आणि कंपनीचं माहितीपत्रक समितीचा सदस्य म्हणून मला मिळालं होतं. त्यात लाल-निळ्या छपाईची काही चित्रं होती. एका चित्रात पाच ठोकळे एका ओळीत होते, सारख्याच आकाराचे. चष्मा घातला की त्यातला एक सगळ्यात पुढे येतो असं खाली लिहिलं होतं. कोणता, ते लिहिलं नव्हतं. ते घेऊन मी मित्राच्या दुकानात गेलो. त्याने माझ्याकडे न बघता तार गुंडाळणं चालू ठेवलं. मी चष्मा पुढे केला.

"कोणता म्होरं हाय ते सांग. खोटं बोलू नको."

त्याने चष्मा लावला. "डावीकडून चौथा." मी त्याला एक डोळा मिटायला सांगितला. त्याने मिटला. "गेलं बे. चिटकलं सगळं." उघडला. "आलं."

माझा संशय तरी जात नव्हता. त्याला काही बोलू न देता मी मागच्या दारी गेलो. तिथे त्याची मोठी बहीण लसूण सोलत होती. तिला मी आपा म्हणायचो. तिने हात पुसून चष्मा लावला, चित्र जवळ-लांब केलं आणि म्हणाली, "ये चौथा वाला उडी मारून आलाय की." मग विचारलं, "का रे, तुला न्हाई दिसत?"

मी न्हाई म्हणालो. ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

मित्राला सगळं सांगितलं. आता हा हसणार, अशी माझी तयारी होती. माझा डावा डोळा स्वतःच्या हाताने झाकून तो, दुकानाची पाटी वाच म्हणाला. मला वाचता आली नाही. त्याने हात काढला. "मग तू खरं बोललास," तो म्हणाला. "अन् आमीबी."

बैठकीच्या आधी मी सरांच्या खोलीवर जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही. गेलो असतो तर सरांनीच पढवलं असं झालं असतं, एवढं मला तोवर कळलं होतं.

बैठक लॅबमध्येच होती. सामान परत मांडलं होतं. मित्राला मी बाहेर थांबायला सांगितलं होतं. साहेबांनी सुरुवातच सरांपासून केली: काय मास्तर, ओळखीचं काय ठरलं? सर बोलायला लागायच्या आत मी उभा राहिलो.

"साहेब, खोट त्या वस्तूत न्हाई. माझ्या डोळ्यात हाय."

मी उजव्या डोळ्याचं सांगितलं. साहेब ऐकत होते आणि त्यांचे डोळे बारीक होत होते. मी थांबल्यावर त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणी पढवलं तुला हे?"

सर म्हणाले, मला हे आत्ताच कळतंय. साहेबांनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. मी खिशातून ते चित्र काढलं आणि म्हणालो की माझ्यावर विश्वास ठेवू नका, वेगवेगळ्या माणसांना दाखवा, पण एकाचं दुसऱ्याला कळू देऊ नका. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "बाजारात करत्यात तसं."

साहेबांना ते लगेच समजलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला. बाहेर कोण आहेत त्यांना एकेकाला आत घ्या म्हणाले. प्राचार्यांना पहिल्यांदा बसवलं. त्यांनी चष्मा लावून चित्र बघितलं आणि संकोचत टॉवेलखाली हात घातला. टॉवेल हलला. मग ऑफिसातले क्लार्क, मग माझा मित्र, मग लॅबमधली ती मागे सरकलेली मुलगी. ती हात घालायला तयार होईना, म्हणून तिने फळ्यामागे जाऊन खडूने आकडा लिहिला आणि साहेब उठून बघून आले. साहेबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दलालाच्याही नसतं.

"आता तू."

मी चष्मा लावला. पाच ठोकळे, सारखे, चिकटलेले. उत्तर मला माहीत होतं, पण मला दिसत होतं ते सांगायचं होतं, आणि दिसत काहीच नव्हतं. मी टॉवेलखाली हात घातला आणि एकही बोट धरलं नाही. उघडा तळवा त्यांच्या तळव्यावर ठेवला. बाजारात त्याचा अर्थ, माझ्याकडे भाव नाही.

साहेबांनी माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"समद्यांचं एकच आलं," ते म्हणाले. "चित्र निघतंय भायेर." सरांना ओळखीचं मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग सरांनी आठवण करून दिली की मी टोपडं अजून घातलेलंच नाही. लाईट होती. त्यांनी ते माझ्या डोक्यावर चढवलं. आत ठोकळ्या-ठोकळ्यांची एक खोली होती, चित्रातल्यासारखी ओबडधोबड. मी मान उजवीकडे वळवली आणि खोली वळली. वर बघितलं तर छत. मागे वळलो तर मागे दार होतं, जे आधी माझ्या पाठीशी होतं. याला दोन डोळे लागत नव्हते. मी पहिल्यांदा आत होतो. मला ते काढावंसं वाटेना.

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "काय दिसतंय?" मी सांगायला लागलो, दार आहे, खिडकी आहे. आणि सांगता सांगता मला साहेबांची हनुवटी आठवली, आम्ही बाकांवरून बघत होतो ती. आता ते सगळे माझी हनुवटी बघत असणार. मी काहीही सांगितलं तरी ते त्यांनी मानायचं किंवा मानायचं नाही, ताडून बघायला दुसरं काही नव्हतं.

टोपडं काढल्यावर साहेब म्हणाले, तूच लिवलंस, तूच सांग काय घ्यायचं. कंपनीचा माणूस टोपड्याकडे बघत होता. सर खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम असावं.

"चष्मे," मी म्हणालो.

"तुला त्यात दिसत न्हाई ना?"

"न्हाई दिसत. पण टोपडं एकाला दिसणार अन् बाकीचे ओळीत बसणार. कांद्याच्या सालीसारखं व्हईल. चष्म्यात समद्यांना एका टायमाला दिसतंय. एकानं खोटं सांगितलं तर दुसऱ्याला कळतंय."

कांद्याच्या सालीचं साहेबांना काही कळलं नाही. सरांना कळलं, ते खिडकीकडून वळले. साहेबांनी प्राचार्यांना सांगितलं की चष्मे घ्या, आणि अर्जातला तो शब्द काढून दुसरा घाला. दुसरा शब्द मला आजपर्यंत सुचलेला नाही. अर्ज तसाच मंजूर झाला.

जूनमध्ये सरांचा हुकूम निघाला. पुन्हा वर्षाचाच. त्यांनी मला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी यायला हवं होतं. आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लहानपणी उजवीकडून घुंगरू दिलं की तू घ्यायचा न्हाईस. मला वाटायचं लाजतूस." काण्या हे नाव काही दिवस चाललं, पण कॉलेजात आभासी हेच जास्त टिकलं. मला ते बरं वाटायचं.

चष्म्यांचा तास शनिवारी असायचा. पडदे लावायचे, कॅसेट लागायची, सगळा वर्ग एकदम मागे सरकायचा. मीही चष्मा लावून बसायचो. मित्र माझ्या डाव्या बाजूला बसून हळू आवाजात सांगत राहायचा: झडप उघडली बे, रक्त म्होरं आलं, आता तुझ्या नाकापाशी हाय. पुढच्या बाकावरची मुलगी कधी कधी मान वळवून म्हणायची, नाकापाशी काय न्हाई, टेबलापाशी हाय. मग दोघांचा वाद व्हायचा आणि सर गप्प बसा म्हणायचे. मित्र एखादी गोष्ट वाढवून सांगत होता, हा माझा संशय काही गेला नाही. पण तिने दुरुस्त केलेलं मी वहीत लिहून घ्यायचो.